१९५६ नंतर कॅनडात आलेल्या हंगेरियन स्त्रीचे कामाचे आयुष्य कसे लिहावे

४ नोव्हेंबर १९५६ रोजी हंगेरीतला उठाव चिरडण्यासाठी सोव्हिएत रणगाडे पुन्हा राजधानी बुडापेस्टमध्ये शिरले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत सुमारे दोन लाख माणसांनी देश सोडला. त्यांपैकी ३७ हजारांहून अधिक लोकांना कॅनडाने १९५७ अखेरपर्यंत आश्रय दिला. हे आकडे सहज मिळतात. पण त्यांतली एखादी स्त्री टोरंटोत उतरल्यावर पुढची तीस वर्षे रोज सकाळी कोणत्या कामाला जात होती, हे शोधू लागले की हाती फारसे काही लागत नाही, कारण कागदांवर ती बहुतेक वेळा कोणाची तरी पत्नी म्हणूनच नोंदलेली असते. म्हणून हे काम हाती घेणाऱ्याने सर्वांत आधी तिच्या नावाचा छडा लावावा.

हंगेरियन पद्धतीत आडनाव आधी येते आणि विवाहित स्त्री पतीच्या पूर्ण नावाला ‘ने’ हा प्रत्यय जोडून ओळखली जाऊ शकते. यानोश कोवाच या नावाच्या पुरुषाची पत्नी ‘कोवाच यानोशने’ होते, आणि त्यात तिचे स्वतःचे इलोना हे नाव कुठेच उरत नाही. कॅनडात आल्यावर स्वरांवरची चिन्हे गळतात, नाव-आडनावाची अदलाबदल होते आणि इलोनाची हेलन होते. त्यामुळे तिचे जन्मनाव, पतीचे नाव आणि आईचे जन्मनाव या तिन्हींची संभाव्य रूपे एका कागदावर लिहून ठेवावीत आणि प्रत्येक दप्तरात ती सगळी शोधावीत. आईचे नाव क्षुल्लक समजू नये. हंगेरियन कागदपत्रांत माणसाची ओळख पटवण्यासाठी ते आवर्जून लिहिलेले असते.

ती हयात असेल, तर मुलाखत लांबणीवर टाकू नये. १९५६ मध्ये विशीत असलेली स्त्री आज नव्वदीच्या आसपास असणार. ‘तुम्ही काय काम करत होता?’ असा प्रश्न विचारला तर ‘कारखान्यात होते’ एवढेच उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी घरातून किती वाजता निघत होता, ट्राम कुठे बदलत होता, मूल कोणाकडे ठेवत होता, मुकादम कोणत्या भाषेत बोलत असे, पगार तासावर होता की नगावर, असे विचारावे. टोरंटोच्या स्पडायना ॲव्हेन्यू परिसरात तयार कपड्यांचे कारखाने दाटीने होते. तिथे काम केलेल्या स्त्रीला ती कॉलर शिवत होती, बाही जोडत होती की काजे करत होती, हे विचारले म्हणजे हातांना आठवलेले सगळे बोलण्यात उतरू लागते. माझ्या मते संपूर्ण मुलाखतीतला सर्वांत मोलाचा भाग हाच असतो, आणि त्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा.

देश सोडण्यापूर्वी ती काय करत होती, हे तितक्याच बारकाईने विचारावे. पन्नाशीच्या दशकात हंगेरीच्या सरकारने स्त्रियांना मोठ्या प्रमाणावर उद्योगांत आणले होते, त्यामुळे आलेल्या अनेक जणींच्या हाती कौशल्य होते. पण प्रमाणपत्रे बहुधा मागे राहिली होती आणि इंग्रजी येत नव्हते. शिक्षिकेला किंवा हिशेबनीस स्त्रीला साफसफाईचे काम धरावे लागले असेल, तर ती घसरण सौम्य शब्दांत झाकू नये आणि तिच्यावर विजयाची कथाही लादू नये. हंगेरीतल्या सोप्रोनच्या वनविद्या संस्थेतील प्राध्यापक आणि विद्यार्थी व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सामावले गेले, ही हकीकत चांगली नोंदलेली आहे. त्यांच्याबरोबर आलेल्या पत्नींनी कोणती कामे केली, हे मात्र घरोघरी जाऊनच विचारावे लागते.

आठवणी पडताळण्यासाठी कॅनडा पेन्शन प्लॅन या सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे वर्गणीपत्र फार उपयोगी पडते. त्यात दरवर्षीची कमाई लिहिलेली असते आणि ती स्वतः ते मागवू शकते. ही योजना १९६६ मध्ये सुरू झाली, म्हणजे आल्यानंतरची पहिली आठ-नऊ वर्षे त्यात नसतात, आणि क्वेबेक प्रांताची योजना वेगळी आहे. त्या आधीच्या काळासाठी शहरांच्या जुन्या निर्देशिका (सिटी डिरेक्टरी) पाहाव्यात. त्यांत रहिवाशाचा व्यवसाय आणि पुष्कळदा मालकाचे नावही असते, पण पत्नीचे नाव पतीच्या नावापुढे कंसात येते. नोकरी करणाऱ्या स्त्रीची स्वतंत्र नोंद कधी सापडते, कधी नाही. ती कामगार संघटनेची सभासद असेल, तर जुने सभासदपत्र जपलेले आहे का, ते विचारावे.

घरी आणलेले शिवण, परक्यांच्या घरची धुणीभांडी, रोखीने दिलेली मजुरी यांतले काहीच या दप्तरांत येत नाही. वर्गणीपत्रावरची शून्ये पाहून ती त्या वर्षी घरीच होती असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक ठरेल. त्या वर्षांसाठी मुलांच्या जन्मतारखा, भाड्याच्या पावत्या, छायाचित्रात कोपऱ्यात दिसणारे शिलाई यंत्र आणि मायदेशी पाठवलेल्या पार्सलांच्या पावत्या शेजारी मांडाव्यात.

मायदेशी गेलेली पत्रे मिळाली तर वाचावीत, पण जपून. परवानगीशिवाय देश सोडणे हा तिथे गुन्हा होता आणि पत्र दुसरे कोणी उघडेल अशी धास्ती असे. शिवाय आईला काळजी वाटू नये म्हणूनही पुष्कळ गोष्टी वगळल्या जात. १९६३ मध्ये हंगेरीच्या सरकारने उठावातील बहुतेकांना माफी दिल्यानंतरही काही स्त्रिया नातेवाइकांची नावे घ्यायला कचरत राहिल्या. तिने एखादे नाव टाळले, तर आग्रह धरू नये.

मुलाखत शक्यतो ती मनात ज्या भाषेत आकडे मोजते त्या भाषेत घ्यावी. दुभाषी तिच्या कुटुंबातला नसेल तर पगार आणि अपमान या दोन्हींविषयी ती मोकळेपणाने बोलण्याची शक्यता वाढते. लिहून झालेला मजकूर तिला वाचून दाखवावा, ती जे खोडायला सांगेल ते खोडावे, आणि प्रतीवर मुलाखतीची तारीख, ठिकाण, भाषा व दुभाषी कोण होते हे लिहून एक प्रत तिच्याकडे ठेवावी.