गोळ्याच्या आधी कुशन

मणक्याला मार बसलेला जवान खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये जरा सावरला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोणता खेळ घेऊ?" पण त्याच्याही आधी एक प्रश्न येतो. तुमच्या बुडाखालची कातडी रोज कोण बघतं?

हसू नका. मुरलीकांत पेटकरांचं १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकचं पोहण्यातलं सुवर्णपदक सगळ्यांना पाठ असतं, ५० मीटर, ३७.३३ सेकंद. २९ जुलै १९४८ ला इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल हॉस्पिटलात १६ जखमी सैनिकांनी धनुष्य उचललं, पॅरालिम्पिकची सुरुवात तिथली, तेही माहीत असतं. पण त्याआधी, १९४४ पासून, तिथले मणक्याच्या पेशंटचे डॉक्टर गुटमन दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, पेशंटची कूस बदलून घेत होते, हे कुणी सांगत नाही. बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा, आटोक्यात आले म्हणून खेळ सुरू झाला.

बसून गोळा फेकणाऱ्याला हा धोका दुप्पट. फ्रेमची, म्हणजे फेकताना बसायच्या पक्क्या बैठकीची, उंची कुशन धरून ७५ सेंटिमीटरच्या आत हवी, आणि फेकताना बूड उचललं की फाउल. हवेच्या जाड कुशनवर अंग डगमगतं, म्हणून सगळे पातळ, कडक फोम वापरतात. म्हणजे बसायच्या दोन हाडांवर सगळं वजन, वर पट्टा करकचून आवळलेला, खाली घाम, आणि दुखल्याचं कळवणारी नसच बंद. पहिल्या आठवड्यात फ्रेमवर एका वेळी १५ मिनिटांच्या वर बसू नका. उतरलात की लगेच कातडी बघा.

बघायचं कसं, तेही सांगतो, कारण फसायला होतं ते इथेच. पुस्तकात "लालसर डाग" लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाल दिसतच नाही. जागा जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा काळपट दिसते, हाताला गरम लागते, कधी टणक तर कधी पिचपिचीत. गोऱ्या कातडीवर बोट दाबून सोडलं की पांढरं होतंय का ते बघतात. आपल्याकडे हात फिरवून दोन्ही बाजूंची तुलना करा. सकाळी आणि रात्री, लांब दांड्याच्या आरशात किंवा मोबाइलवर फोटो काढून. कालचा फोटो शेजारी ठेवा. संशय आला की त्या जागेवर बसणं बंद, जागा पूर्ववत होईपर्यंत पालथं किंवा कुशीवर. चार दिवस गेले तर गेले. तीच जागा फुटून खोल गेली तर महिने जातात, कधी ऑपरेशनही करावं लागतं. "मॅच झाल्यावर बघू" म्हणणाऱ्या कोचचं या बाबतीत ऐकू नका.

रोजच्या खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी दाब मोकळा करा. हातांवर जोर देऊन पाच सेकंद बूड उचलणं म्हणजे नुसता देखावा. रक्त परत भरायला दीड-दोन मिनिटं लागतात. पुढे वाका, छाती मांडीवर टेका, दोन मिनिटं मोजा. शिवाय खांदेही वाचतात. तेच आता तुमचे पाय आहेत! हवेचं कुशन असेल तर बसलेले असताना खाली हात घाला: सगळ्यात खालचं हाड आणि तळ यांत अर्धा ते एक इंच अंतर हवं. जास्त हवा म्हणजे जास्त मऊ, हा गैरसमज. उंचावरच्या गावी गेलात तर हवा पुन्हा तपासा, कुशन फुगतं. मागच्या खिशात पाकीट नको, जाड शिवणीची जीन्स नको.

फौजेत बडी असतो, तो इथेही पकडा. ज्याला पाठ दाखवायची लाज वाटणार नाही असा एक जण. रोज रात्री एकमेकांचे फोटो तपासायचे, बस्स. मला विचाराल तर भाषणं देणाऱ्या दहा मार्गदर्शकांपेक्षा असा एक बडी बरा.

बाकीचं थोडक्यात. सारखी लघवी नको म्हणून पाणी कमी पिऊ नका, इन्फेक्शन होतं. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, दर चार ते सहा तासांनी. इजा टी-६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक चढलाय असं समजा: ताठ बसवा, पट्टे सैल करा, आधी लघवीची पिशवी आणि नळी तपासा, न थांबल्यास डॉक्टर. असा रक्तदाब मुद्दाम चढवून जोर मिळवायचा "शॉर्टकट" कुणी कानात सांगेल. त्यावर बंदी आहे, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस मरतो.

नसांच्या दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू आहे? १ जानेवारी २०२४ पासून डोपिंगच्या नियमांत स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे. डॉक्टरला आधीच सांगा.

उशीर झाला असं वाटत असेल तर गोळाफेकीतले जवान होकातो सेमांचा हिशोब बघा: सुरुंगात पाय २००२ ला गेला, गोळा हातात २०१६ ला आला, पॅरिस पॅरालिम्पिकचं कांस्य २०२४ ला, १४.६५ मीटर. तेव्हा पहिल्याच दिवशी ४ किलोचा गोळा मागू नका. २ किलोपासून सुरू करा, आणि प्रत्येक ढकलण्याच्या व्यायामामागे दोन ओढण्याचे करा.

मेडिकल बोर्डाची अपंगत्वाची टक्केवारी आणि खेळातला वर्ग (कुणी कुणाशी खेळायचं ते ठरवणारा गट) यांचा मेळ बसेलच असं नाही. वर्ग ठरवणारे स्वतः तपासतात: स्नायूंची ताकद, बसण्यातला तोल. जाताना रिपोर्ट, एमआरआय आणि तुमची रोजची फ्रेम घेऊन जा.