सुसॅक सिंड्रोम: तीन तज्ज्ञांच्या तपासण्या एका फाइलीत कशा आणाव्यात

माझ्या धाकट्या बहिणीची डोकेदुखी आम्ही मायग्रेन समजलो होतो. पुढे तिला एका कानाने कमी ऐकू येऊ लागले, नेहमीची नावे आठवेनाशी झाली, आणि ठाण्याच्या नौपाड्यातले कानाचे डॉक्टर व घोडबंदर रस्त्यावरचे नेत्रतज्ज्ञ आपापल्या परीने योग्य ते सांगत असतानाही मूळ आजार, म्हणजे सुसॅक सिंड्रोम, महिनाभर कोणाच्या ध्यानात आला नाही.

या आजारात प्रतिकारशक्ती मेंदू, डोळ्याचा पडदा आणि अंतर्कर्ण यांतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरच उलटते व त्या बुजतात. १९७९ मध्ये अमेरिकेतील जॉन सुसॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले. रुग्णांत बहुतांश २० ते ४० वयोगटातील स्त्रिया असतात. तिन्ही अवयवांची लक्षणे सुरुवातीलाच एकत्र दिसणे दुर्मीळ असल्याने तक्रार एकाच अवयवाची असली, तरी शंका आल्यावर तिन्ही अवयव तपासून घ्यावेत.

सर्वप्रथम एका वहीत प्रत्येक लक्षणाची तारीख लिहावी. रुग्णाला स्वतःचे विस्मरण जाणवतेच असे नाही, म्हणून ही वही घरच्यांनी ठेवावी. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना एमआरआयचा केवळ अहवाल नव्हे, तर सीडीही न्यावी. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या मध्यभागी असलेले गोलसर डाग त्यांना स्वतः पाहता येतात. मल्टिपल स्क्लेरोसिसशी (मेंदू व मज्जारज्जूतील नसांचे आवरण खराब करणाऱ्या आजाराशी) गल्लत होते ती नेमकी येथेच.

दृष्टी ठीक वाटत असली तरी फ्लोरेसीन अँजिओग्राफीबद्दल, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्याबद्दल, अवश्य विचारावे. त्या दिवशी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात, त्यामुळे रुग्णाने दुचाकी चालवू नये आणि ठाणे स्थानकाच्या गर्दीत एकटे जाऊ नये. रंगद्रव्यामुळे लघवी दिवसभर गडद पिवळी होते. त्यामुळे घाबरू नये. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, बहुधा खालच्या पट्टीतील आवाज आधी कमी ऐकू येत असल्याचे आढळते. या चाचणीचा आलेख जपून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक चाचणीची तुलना त्याच्याशीच होते.

उपचार बहुधा मोठ्या मात्रेच्या स्टेरॉइडने सुरू होतात आणि गरजेनुसार इम्युनोग्लोब्युलिन, रिटुक्सिमॅब किंवा मायकोफेनोलेट यांसारखे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध दिले जाते. बरे वाटले म्हणून स्टेरॉइड अचानक थांबवणे धोक्याचे आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी झाली का, हे विचारावे. पूर्वी घरात कोणाला क्षयरोग झाला असल्यास ते संकोच न बाळगता सांगावे. मायकोफेनोलेटमुळे गर्भाला इजा होऊ शकते, म्हणून मूल होऊ देण्याचा विचार असल्यास तोही पहिल्याच भेटीत बोलावा.

गेलेले ऐकू येणे बरेचदा परत येत नाही. दोन्ही कानांचे नुकसान तीव्र असल्यास कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवायच्या श्रवणयंत्राचा) पर्याय असतो. तोवर घरात समोर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे, सावकाश बोलावे आणि डॉक्टरांच्या सूचना रुग्णासमक्ष लिहून घ्याव्यात.