रेगेक्समध्ये ‘क्ष’ शोधताय? या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या गावांच्या यादीतून क्ष असलेली नावं काढायला रेगेक्समध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या नमुन्यात, [क्ष] लिहिलं, तर नाशिक, कळवण, त्र्यंबकेश्वर सगळेच हजर होतात. क्ष आपल्याला एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये (संगणकावरच्या चिन्हांच्या जागतिक यादीत) ती तीन चिन्हं आहेत: क, हलन्त, ष. चौकटी कंसात तिन्ही सुटी होतात आणि एक जरी सापडलं तरी ओळ जुळते. सिन्नरमध्ये क नाही, ष नाही. न्नमधल्या हलन्तामुळे तेही आत! चौकट काढून नुसतं क्ष लिहा. ज्ञही हवा असेल तर (क्ष|ज्ञ). जुळणाऱ्या ओळी शोधणाऱ्या ग्रेप या कमांडला त्यासाठी मोठ्या ई-चा पर्याय (-E) द्यावा लागतो.

पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या प्रमाणात) यासाठी [[.क्ष.]] अशी खास सोय आहे, तिला कोलेटिंग एलिमेंट म्हणतात. स्पॅनिशमध्ये सी-एच ही जोडी १९९४पर्यंत वर्णक्रमात स्वतंत्र अक्षर मानली जाई. तशा जोड्यांसाठी ही सोय. मात्र तुमच्या लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) क्ष एक घटक म्हणून नोंदलेला नसेल, तर ग्रेप चूक दाखवून थांबतो. बाहेरचा कंस विसरलात तर चूकही दिसत नाही, साधा संच बनतो. पीसीआरई ही पर्लच्या धर्तीची रेगेक्स लायब्ररी [[.क्ष.]] ही मांडणी ओळखून नाकारते. पायथॉन भाषेचं री हे रेगेक्स मॉड्यूल मात्र शेवटचा ] साधं चिन्ह धरतं, त्यामुळे यादीत काहीच सापडत नाही. माझं मत विचाराल तर मराठी मजकुरासाठी या वाटेला जाऊच नका.

चिन्ह नावाने मागायचं असेल तर पायथॉन ३.८पासून उलट्या तिरप्या रेघेपुढे मोठा एन आणि महिरपी कंसात युनिकोड नाव चालतं. नाव अचूक हवं: ळ म्हणजे ‘एल-एल-ए’, हलन्त म्हणजे ‘विरामा’, आणि चंद्रबिंदूच्या स्पेलिंगमध्ये सी-नंतर एच नाही (हे हमखास चुकतं). क्षला असं एक नाव नाही, तिन्ही नावं ओळीने द्यायची.

क ते ह असा पल्ला सांगणारं [क-ह]ही तसंच फसवं. युनिकोडमध्ये ळ हा ल-नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ह-नंतर. सी लोकेलबाहेर (हे मजकूर बाइट-बाइट वाचणारं मूळ सेटिंग) अशा पल्ल्याचा अर्थ पॉझिक्सने ठरवलेलाच नाही, म्हणून पिंपळगावमधला ळ सुटू नये यासाठी [क-हळ] लिहा. आणि वेग वाढवायला सी लोकेल लावू नका: यूटीएफ-८मधलं (युनिकोड बाइटांत साठवायच्या पद्धतीतलं) प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचं, पहिला बाइट सगळ्यांचा सारखा. तिथे [क] मागितलं की देवनागरीतली प्रत्येक ओळ जुळते.