टीनएज लव्हस्टोरी किचनमधे लिहायचीय? आधी पदार्थ ठरवा

स्वयंपाक आणि प्रेम अशी टीनएजर्ससाठी कादंबरी लिहायला घेतली की बहुतेक जण आधी लव्हस्टोरी ठरवतात आणि मग मधेमधे पदार्थ पेरतात. मी पण तेच केलं होतं. पहिला ड्राफ्ट धाकट्या बहिणीला दिला (वय १६, म्हणजे अगदी टार्गेट वाचक), तिने वाचला आणि म्हणाली, "ताई, हे दोघं किचनऐवजी बसस्टॉपवर असते तर काय बिघडलं असतं?" काहीच नसतं बिघडलं. गेला तो ड्राफ्ट.

तर आता मी उलटं करते. आधी पदार्थ, मग सीन. आणि पदार्थ निवडताना चवीचा विचारच करायचा नाही, दोनच गोष्टी बघायच्या: यात थांबावं कुठे लागतं, आणि चार हात कुठे लागतात.

ब्रेडचं पीठ घ्या. मळून झालं की फुगायला तास-दीड तास जातो, थंडीत अजून जास्त, आणि तेवढा वेळ करण्यासारखं काही नसतं. त्याआधी मळताना तर हाताला पीठ चिकटलेलं, म्हणजे मोबाइल वाजला तरी उचलता येत नाही. दोन टीनएजर्स, मोबाइल नाही, समोर तासभर रिकामा, अजून काय पाहिजे! किंवा मेयोनीज. एकाने अंड्याचा बलक फेटायचा आणि दुसऱ्याने त्यात तेल थेंबथेंब सोडायचं, घाई केली की फुटतं. फुटलं तरी वाचवता येतं, दुसऱ्या भांड्यात नवीन बलक घ्यायचा आणि फुटलेलं मिश्रण त्यात हळूहळू घालत फेटायचं. भांडणानंतरच्या चॅप्टरला हे मस्त बसतं, फक्त कुणाच्या तोंडी "आपलं नातं पण असंच आहे ना" घालू नका, प्लीज. वाचकाला कळतं.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे कॅरॅमल. साखर-पाणी उकळताना ढवळत राहिलं की पाकाचे परत खडे होतात, म्हणून हात आवरून नुसतं बघत बसायचं, आणि १७० डिग्रीच्या आसपास रंग आला की सोनेरीपासून करपलेल्यापर्यंत जायला काही सेकंदच लागतात. आता हे सीनमधे बघा:

तो चमचा फिरवतच होता.
"नको ना ढवळूस."
"मग काय करू?"
"काही नाही. बघत बस."
बघायचं साखरेकडे होतं. करपल्याचा वास आला तेव्हा दोघंही दचकले.

बास, एवढंच. कुठेही "त्याच्या मनात प्रेमाची चाहूल लागली" लिहायला लागलं नाही.

भाजण्याचा सीन असेल तर फर्स्ट एड बरोबर लिहा, कारण पोरं वाचतात आणि तसंच करतात. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, बटर तर नाहीच. भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचा. आणि लेखक म्हणून विचार करा, २० मिनिटं सिंकपाशी दुसऱ्याचा हात धरून उभं राहायचंय, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, याहून चांगला बहाणा कुठला सुचणारे तुम्हाला?

कांदा चिरताना डोळ्यातलं पाणी लपवणं फार घासून झालंय. पण धारदार सुरीने कांदा कमी चुरडला जातो, त्यामुळे झोंबणारा वायू कमी सुटतो. म्हणजे ज्याला सुऱ्यांमधलं कळतं त्याला ती रडतेय ती कांद्याने नाही हे लगेच कळेल, आणि तो काही न बोलता दुसरा कांदा तिच्यापुढे सरकवेल. असं वापरलं तर चालतं.

अजून एक, किचन कुणाचं ते पहिल्या पानापासून ठरलेलं हवं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं स्वतःचं किचन नसतं. ते उसनं असतं, कुणीतरी मोठं माणूस यायच्या आत ओटा पुसून, भांडी जागेवर ठेवून, वास घालवून निघायचं असतं. म्हणजे सीनला घड्याळाचं टेन्शन फुकटात मिळतं. मोठी माणसं व्हिलन करायची गरज नाही, दारात किल्लीचा आवाज पुरतो.

चवीची वर्णनं कमीत कमी. "अप्रतिम" आणि "स्वर्गीय" सर्च करून उडवा. खाल्ल्यावर तो गप्प झाला, की न विचारता दुसरा चमचा घेतला, हे लिहा. शारीरिक जवळीक वयाला शोभेल एवढीच, आणि दोघांची मर्जी स्पष्ट दिसली पाहिजे. हे वाचणारे बरेच जण कॅरॅक्टरपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी लहान असतात.

चॅप्टरच्या शेवटी रेसिपी द्यायची असेल तर एखाद्या टीनएजरला ती एकट्याने करायला द्या, तुम्ही बाजूच्या खोलीत बसा, मधे बोलायचं नाही. माझ्या ड्राफ्टमधे केक दहा मिनिटांत भाजून लगेच गरमगरम आयसिंग होत होतं. ते कसं वितळून खाली ओघळलं ते बहिणीने फोटो काढून पाठवलं, आणि खाली नुसतं "ताई??"

शेवटी पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक किचनच्या सीनमधला स्वयंपाक खोडून बघा. डायलॉग जसेच्या तसे उभे राहिले तर तो सीन बसस्टॉपवरचा आहे. माझे असे नऊ निघाले, सहा उडवले, तीन परत लिहिले, त्यातल्या एकात आता तिचं वाक्य अर्धंच राहतं कारण दूध उतू जातं.