इलेक्ट्रिक गिटारवर सतारीचा नाद: आधी जवारी, मग बाकीचे

गिटारमधून सतारीचा आवाज हवा असेल तर अमुक पेडल घ्या, असा सल्ला मराठवाड्यातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये सर्रास दिला जातो. पेडल आवाजाला रंग चढवते, पण सतारीचा नाद जन्मतो तो घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजवर. घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या माथ्यावर तार हलकेच घासत राहते आणि कंप मंदावतो तसा स्पर्शाचा बिंदू सरकत जाऊन उपस्वर खुलतात, हीच जवारी. १९६७ साली डॅनइलेक्ट्रो या अमेरिकन गिटार कंपनीने ‘कोरल’ नावाने आणलेल्या इलेक्ट्रिक सतारीतही खरे काम अशाच रुंद घोडीचे होते. ब्रिज खाली करून तारा फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडू देणे हा दुसरा सल्ला तर मुळीच ऐकू नका, कारण ती खरखर प्रत्येक फ्रेटवर बदलते आणि स्वर लवकर मारते.

गिटार ट्रेमोलो (ब्रिज हलवून स्वर डोलवणारा दांडा) नसलेली घ्या. तरंगता ट्रेमोलो असेल तर एक तार ओढताच बाकीच्या उतरतात. नऊ नंबरच्या बारीक तारांचा संच चढवून जाड तारेपासून डी, ए, डी, जी, ए, डी असे स्वर लावा. डी हा षड्ज धरला की तिसरी तार, सतारीच्या बाजाच्या (मुख्य) तारेप्रमाणे, मध्यमात येते आणि पहिल्या दोन बारीक तारा चिकारीचे, म्हणजे मध्ये मध्ये छेडायच्या उंच स्वरांच्या तारांचे, काम करतात.

आता जवारी. जालना किंवा वाळूजच्या एमआयडीसीतल्या लेथच्या वर्कशॉपमध्ये डेलरिन या कठीण प्लॅस्टिकचे तुकडे मिळतात. त्यातला साधारण २८ मिलिमीटर लांब आणि ८ मिलिमीटर रुंद ठोकळा पहिल्या तीनच तारांखाली, सॅडलला (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याला) चिकटून बसवा; उंची आपल्या गिटारवर मोजून ठरवा. जाड तारांना जवारी देऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण त्यांचे वेटोळे माथ्यावर अडकून नुसते गुरगुरतात. तिन्ही सॅडल मागे आणि खाली घ्या, म्हणजे तारा ठोकळ्यावर दाबून बसतील. तार ठोकळ्यावरून जिथे सुटते, ती जागा पूर्वीच्या सॅडलच्या जागी आली पाहिजे. ती पुढे सरकली तर वरच्या फ्रेटवरचे स्वर चढे लागतात आणि कितीही ट्यूनिंग केले तरी सुरात येत नाहीत. म्हणून बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेल्या स्वराशी) ताडून पाहा.

माथा घासताना घाई केली की ठोकळा वाया गेलाच म्हणून समजा. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ठोकळ्याला दोन-तीनच हात द्या, तो बसवा, सुटी तार छेडा आणि शेवटपर्यंत ऐका. तार चरचरून लगेच मेली, तर माथा फार सपाट आहे; गळ्याकडची कड किंचित गोल करा. साधी गिटारच ऐकू आली, तर गोलाई जास्त झाली आहे. माथा थोडा सपाट करा. उतार डोळ्यांना दिसू लागला, म्हणजे तो प्रमाणाबाहेर गेला. तंबोऱ्याला लावतो तसा सुती दोरा तारेखाली सरकवून अखेरची बारीक जुळणी करता येते, मात्र चुकीचा माथा दोऱ्याने सुधारत नाही. ठोकळा दुहेरी चिकटपट्टीवर बसवला असेल तर मे महिन्यात परभणी-नांदेडकडच्या पत्र्याच्या घरात ती पट्टी मऊ पडते आणि ठोकळा सरकतो. त्यामुळे उन्हाळ्यात दर कार्यक्रमाआधी बारावा फ्रेट पुन्हा तपासा.

अँपचा आवाज स्वच्छ, ब्रिजकडचा पिकअप, थोडा काँप्रेसर (आवाजाची चढउतार समतोल करणारा) आणि तरफांची, म्हणजे सतारीत आपोआप झंकारणाऱ्या तारांची, आस भासेल इतका रिव्हर्ब (घुमारा) पुरतो.

वाजवताना धून एकट्या तिसऱ्या तारेवर ठेवा, पिक ब्रिजजवळ चालवा आणि धुनेच्या स्वरांमधल्या मोकळ्या जागी चिकारी छेडा. कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक स्वर) धरलीत की सतार संपली. सतारीवर मींड (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाणे) पाच स्वरांपर्यंत जाते, गिटारवर एवढी तार ओढली जात नाही. जेवढी ओढता येते तेवढीच सावकाश आणि सुरात ओढा, बोट फ्रेटवरून घसरवून ती मींड म्हणून खपवू नका. काही महिन्यांनी तारांचे चरे माथ्यावर पडतात आणि आवाज बंद होऊ लागतो. तेव्हा ठोकळा काढून पुन्हा त्याच पद्धतीने घासावा.