जुन्या कॉलेज फुटबॉल कोचचं करिअर कसं वाचायचं

आधी क्लिअर करतो, हे अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळायचं, आपलं कोल्हापूरच्या पेठांमधलं नाही.

रेकॉर्ड उघडला की सगळे आधी किती जिंकले किती हरले तेच बघतात, माझ्या मते ते सगळ्यात शेवटी बघा. आधी वहीत वर्षं उभी लिहा आणि शेजारी दोन कॉलम करा, खेळला आणि शिकवलं. अमोस अलोन्झो स्टॅग घ्या. येलचा खेळाडू, १८८९ च्या पहिल्याच ऑल-अमेरिका टीममध्ये (देशभरातल्या कॉलेजांतल्या बेस्ट खेळाडूंची कागदावरची टीम) निवडलेला. मग स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए स्कूलमध्ये टीम बांधली, त्या टीममधे सेंटरला (रांगेच्या मधोमध उभा राहून बॉल मागे देणारा) कोण होता तर जेम्स नेस्मिथ, ज्याने १८९१ ला तिथेच बास्केटबॉल काढलं! १८९२ ला स्टॅग शिकागो युनिव्हर्सिटीत गेला, ती तेव्हा नवीकोरी, म्हणून कोच स्वतःच मैदानात उतरला. म्हणजे टिक दोन्ही कॉलममध्ये येते, घाबरू नका, त्या काळी असं चालायचं.

नंतर नोकरी कसली होती ते शोधा, हे लोक सोडून देतात आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्टॅगला नुसतं कोच म्हणून नाही तर प्राध्यापकाच्या दर्जाची पक्की नोकरी दिली होती, म्हणून एका सीझनला हरला म्हणून कोणी घरी पाठवला नाही, ४० वर्षं तिथेच.

स्कोअर वाचताना साल बघाच. टचडाऊनचे (बॉल समोरच्याच्या गोललाइनपलीकडे नेला की मिळणारे) १८९८ पासून ५ पॉइंट, ६ झाले ते १९१२ ला, फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल हाताने पुढे फेकणं, तर १९०६ पर्यंत नियमातच नव्हता. १९०५ ची शिकागो-मिशिगन मॅच बघा, स्कोअर २-०. आज बघितलं तर काहीच वाटत नाही, पण मिशिगन त्याआधी सलग ५६ मॅच हरलं नव्हतं, आणि त्यांच्या क्लार्कने स्वतःच्या गोललाइनमागे किक पकडून बाहेर पळायचा प्रयत्न केला, शिकागोच्या पोरांनी त्याला तसाच मागे रेटला, याला सेफ्टी म्हणतात (बॉलसकट स्वतःच्याच गोललाइनमागे अडकला की समोरच्याला पॉइंट), २ पॉइंट, संपलं.

आता जिंकले-हरले बघा. शिकागोतली शेवटची वर्षं पडेल दिसतील, १९३२ नंतर सत्तरीमुळे निवृत्त केलं. तिथे पान बंद करू नका. १९३३ ला तो कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेला, १९४३ ला ८१ व्या वर्षी कोच ऑफ द इयर झाला, त्यानंतर मुलाबरोबर सस्क्वेहाना युनिव्हर्सिटीत कोचिंगला. १९६५ ला गेला तेव्हा १०२ वर्षांचा होता. वहीला दुसरं पान जोडावं लागतं.