चित्र हुबेहूब, तरी निर्जीव? या चुका टाळा

तांब्या तांब्यासारखाच दिसतो, पान पानासारखंच, तरीही चित्रात जीव नाही. निसर्गवादी शैलीत, म्हणजे जसं दिसतं तसंच रंगवण्याच्या पद्धतीत, काम करणाऱ्या बहुतेकांना ही अडचण येते, आणि मूळ कारण बहुधा एकच असतं: सगळं सारख्याच बारकाईनं रंगवलेलं असतं. आपला डोळा असं पाहत नाही. ज्यूल बास्तियां-लपाज या फ्रेंच चित्रकाराचं 1877 सालचं गवत कापणाऱ्यांचं चित्र पाहा. थकून बसलेल्या बाईचा चेहरा अगदी जवळून न्याहाळलेला आहे, मागचं शेत मात्र मोजक्या, सैल फटकाऱ्यांत उरकलंय. त्यामुळेच तिची शून्यात लागलेली नजर आपल्याला धरून ठेवते.

दुसरी चूक सावलीत काळा मिसळण्याची. मीही कित्येक वर्षं तेच करत होतो. तांब्याच्या भांड्याची सावलीकडची बाजू नीट पाहा: खाली पाट असेल तर त्याचा तपकिरी रंग तिथं उतरलेला असतो, खिडकी जवळ असेल तर आभाळाची निळसर झाकही असते. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे रंग एकत्र करून पाहा. गडदपणा मिळतो आणि सावली मरत नाही.

उजेड दाखवायला पांढरा थापू नका. चित्रकार सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री (लोक अजूनही ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात) जलरंगात आहे. तिच्या चेहऱ्यावरचा प्रकाश उजळतो तो भोवतीच्या अंधारामुळे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. जमल्यास तिथं जाऊन बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड पाहाच.

मोबाइलवरच्या फोटोवरून काम करत असाल तर सावल्या ठार काळ्या आणि आभाळ कोरं येण्याची शक्यता फार. फोटो आकारापुरता ठेवा, रंग जागेवर बसून टिपा. बाहेर ऊन सरकतं, म्हणून दोन तासांत थांबा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत बसा. ढगाळ दिवस मिळाला तर सोडू नका, उजेड बराच वेळ एकसारखा राहतो.

आणि कडा! डोळे किलकिले करून पाहा. सावलीत तांब्याचा बूड आणि पाट एकमेकांत मिसळून जातात. तिथली पेन्सिलीची रेघ पुसून टाका.